श्रावणात वाचलेला दक्षिण समुद्र

शिवम्मा घुगरेच्या हातात कुठलंही पुस्तक पडलं की ती आधी शेवटचं पान उघडते. ही सवय पोथीची. पोथीच्या शेवटी फलश्रुती असते. हे वाचल्यानं काय होईल, कुणाचं भलं होईल, ते तिथं सरळ लिहिलेलं असतं. तेवढं एकदा डोळ्यांखालून घातलं की मन निवांत होतं, मग मधले अध्याय कितीही लांब असोत.

तिचं माहेर संकेश्वरच्या पलीकडचं. शाळा कानडी, ती सातवीपर्यंत. लग्न होऊन कोल्हापुरात शिवाजी पेठेत आली तेव्हा मराठी बोलायची झकास, पण वाचताना बोट ठेवून एकेक अक्षर जुळवायची. पहिल्याच श्रावणात सासूबाईंनी पुढ्यात मराठी पोथी ठेवली आणि म्हणाल्या, "वाच." समोर गल्लीतल्या दहा-बारा बायका, शेजारी सासू, आणि हिला घाम फुटलेला. तो श्रावण तिनं कसाबसा काढला. दुसऱ्या श्रावणात बायका म्हणायला लागल्या, सूनबाईचा आवाज गोड हाय की! आता सासूबाई नाहीत, त्या बायकांतल्या निम्म्या नाहीत, त्यांच्या सुना येतात. पण श्रावणातलं दुपारचं वाचन कधी चुकलं नाही. वाचणारी शिवम्मा आणि अर्थ सांगायला मठातले एक म्हातारे स्वामी.

तिचे यजमान बाळासो घुगरे कागलच्या एका शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाले. सगळी पेठ त्यांना सरच म्हणते. फळ्यावर एका झटक्यात दक्षिण अमेरिकेचं निमुळतं टोक काढायचे, खडू तिथंच टेकवायचे आणि वर्गाकडं वळून म्हणायचे, "इथं जमीन संपते." पोरं गप्प व्हायची म्हणे. स्वतः सरांनी समुद्र पाहिला होता तो गणपतीपुळ्याचा, तोही पँट दुमडून, घोट्यापर्यंत.

आणि त्यांचा एकुलता एक मुलगा वीरेश निघाला जहाजावरचा इंजिनियर. घरात कुणी कधी रंकाळ्यातल्या होडीत बसलं नव्हतं, आणि हा थेट समुद्रावर. नोकरी लागल्यापासून एक दिवाळी त्यानं घरी केली नाही. फोनवर त्याची खोली दाखवायचा. एक गादी, एक टेबल, एक गोल खिडकी, खिडकीत नुसतं पाणी. शिवम्मा बघायची ती गादीवरची चादर. एका कोपऱ्यात कायम निघालेली असायची.

यंदा आषाढात त्याचा फोन आला. तो आता पर्यटकांच्या जहाजावर होता, आणि डिसेंबरात ते जहाज पार दक्षिणेला, बर्फापर्यंत जाणार होतं. कामावरच्या माणसांच्या आईवडलांना कंपनी सोबत नेऊ देत होती.

"अव्वा, या वर्षीच जमेल. पुढच्या वर्षी मी मालवाहू जहाजावर जाणार, तिथं घरच्यांना आणता येत नाही. श्रावण संपायच्या आत नावं कळवायची आहेत. अप्पांना सांग."

अप्पा शेजारीच होते. "सांगायचं काय त्यात? चाललो!" म्हणून त्यांनी मांडीवर थाप मारली.

शिवम्माला बर्फाचं फारसं कौतुक नव्हतं. त्या गोल खिडकीच्या खोलीत एकदा उभं राहावं, ती चादर झटकून नीट खोचावी, पोरगं जेवतं कुठं ते बघावं, एवढंच तिच्या मनात होतं. बाकी पेंग्विन वगैरे वरकड.

सरांनी मात्र दुसऱ्या दिवसापासून तयारी काढली. "न वाचता जायचं म्हणजे सिनेमाला मध्यंतरानंतर जाऊन बसायचं," असं म्हणून ते वाचनालयातून पुस्तकं घेऊन आले, काही जुन्या शिष्यांकडून मागवली. फ्रिजवर चळत लागली. त्यात बर्फात सापडलेल्या एका शिडाच्या जहाजाची, शंभर वर्षांपूर्वीची हकिगत होती. तिकडं वर्षभर राहून आलेल्या एका संशोधक बाईंनी लिहिलेलं पुस्तक होतं. पक्ष्यांचं आणि देवमाशांचं एक होतं, इतकं जाड की त्याच्यावर पीठ मळावं.

"तू हे घे," म्हणून त्यांनी बाईंचं पुस्तक तिला दिलं. तिनं ते घेतलं, कपाळाला लावलं आणि शेवटचं पान उघडलं.

"अगं, पुस्तक असं वाचत नाहीत!" सर वैतागले. "शेवट कळल्यावर राहिलं काय?"

"सगळं राहिलं की. नुसती काळजी गेली."

"आधीच शेवट वाचणारा माझ्या वर्गात असता तर बाकावर उभा केला असता."

"आता घरात बाक न्हाई, म्हणून बरं," असं म्हणत ती पुस्तक घेऊन आत गेली.

स्वतः सरांनी घेतलं ते जहाजाचं. पहिले दोन-तीन दिवस स्वारी रंगात होती. चहा पिता पिता शिडांची नावं सांगायचे, वाऱ्याचा वेग सांगायचे. मग एका दुपारी ते पुस्तक पालथं ठेवून बाहेर कट्ट्यावर जाऊन बसले. संध्याकाळी म्हणाले, "गुडघा जरा धरलाय." दुसऱ्या दिवशी म्हणाले, "इतके दिवस घराला कुलूप बरं दिसत नाही." पुढं एकदा विषय काढला, जहाज जिथनं सुटतं त्या देशाचा व्हिसा मिळणं कठीण असतं म्हणे. मग एक दिवस जेवताना सहज बोलल्यासारखं, "वीरेशला म्हणावं, तूच ये सुट्टी काढून. आम्ही म्हातारी माणसं, कशाला तुला त्रास."

शिवम्मानं ताक वाढलं.

सरांनी खूण म्हणून पुस्तकात गॅसचं जुनं बिल घातलं होतं. फ्रिज पुसताना ती रोज बघायची. बिल हलत नव्हतं. एकदा तिनं ते पान उघडून वाचलं. बर्फानं जहाजाला दोन्ही बाजूंनी धरलं होतं आणि लाकूड कडाकडा मोडायला लागलं होतं. तिनं सवयीनं शेवटचं पान काढलं. सगळे वाचले होते. एकूणएक माणूस घरी परतला होता, कुणी लग्न केलं, कुणी शेती.

आता हे नवऱ्याला सांगायचं कसं? 'सगळे वाचतात, भिऊ नका' म्हणावं तर मास्तर माणूस. फटकन म्हणणार, भितंय कोण? आणि एकदा तसं म्हणाले की गुडघ्याचं दुखणं खरंच वाढवून ठेवणार. इतक्या वर्षांच्या संसारात ती हे ओळखून होती. घुगरे सरांना समजावलेलं चालत नाही. त्यांना समजावून सांगायला लावलं की मात्र ते फुलतात.

श्रावण लागला. वाचन सुरू व्हायच्या आदल्या दिवशी मठातून निरोप आला की स्वामींना बसवत नाही, यंदा पोथी नुसती वाचा. शिवम्मानं पहिल्या दिवशी पोथीचा अध्याय वाचला, आरती झाली, पोथी लाल कापडात गुंडाळून देव्हाऱ्यात गेली. बायका प्रसादाची वाट बघत होत्या. तेव्हा तिनं फ्रिजवरून जहाजाचं पुस्तक काढलं, गॅसचं बिल उचलून बाजूला ठेवलं आणि पहिल्या पानापासून वाचायला बसली.

"अर्थ सांगायला हे आहेत," ती म्हणाली. "आम्ही दोघं तिकडं जाणार हाय. तुमाला कळलं पायजे की, कुठं जातोय ते."

सर आतल्या खोलीत पेपर वाचत होते. पेपर खाली आला.

"अगं, मी? आत्ता?"

"मग कोण? भूगोल मी शिकवलाय व्हय?"

बायका हसल्या. सर नाइलाजानं बाहेर आले, खुर्ची ओढून बसले. पहिल्या दिवशी त्यांनी तुटक तुटक सांगितलं. पण दुसऱ्या दिवशी एका सुनेनं विचारलं, "सर, दक्षिणेला तर ऊन असतंय. मग बर्फ कसा?" आणि मास्तर जागे झाले. आरतीच्या ताटातला नारळ त्यांनी उचलला. शेंडी वर धरून म्हणाले, "ही आपली उत्तर. कोल्हापूर इथं, पोटाच्या जरा वर. आणि आपण जाणार ते इथं, नारळाच्या बुडाला." मग नारळ हळूहळू फिरवत ऊन कुठं पडतं, कुठं तिरपं पडतं, ते असं दाखवलं की बायका प्रसाद विसरल्या.

बातमी गल्लीत फिरली. तिसऱ्या दिवशी तानूबाई आली. दोन घरं पलीकडं राहणारी, सरकारी दवाखान्यात दाई म्हणून जन्म गेलेला, बोलायला तोफ. पोथीला ती कधी येत नसे. तिचं स्वतःचं विहारात वर्षावासाचं ग्रंथवाचन असायचं संध्याकाळी.

"पोथी झाली न्हवं? आता जहाज लावा," म्हणून ती दारालगत भिंतीला टेकून बसली. "मला ऐकायची सवय हाय. मधी कुनी बोलायचं न्हाय."

मधे सगळ्यात जास्त तीच बोलायची. तिच्या पाठोपाठ पिराजी आला. तालमीतला जुना गडी, गुडघे गेल्यापासून फुटबॉलची मॅच सुद्धा कट्ट्यावरून ऐकायचा. तो बायकांत बसायला लाजून उंबऱ्याबाहेर पायरीवर बसला आणि तिथनं ओरडून प्रश्न विचारायला लागला.

सर दक्षिण टोकाच्या समुद्राचं सांगत होते. "तिथं पृथ्वीभोवती वाऱ्याला अडवायला जमीनच नाही. वारा गोल फिरतोय, लाटा वाढतायत, कुठं धडकायला जागा नाही."

"म्हंजे दावं तुटल्याला रेडा," तानूबाई म्हणाली.

"अगदी बरोबर!" सर खूश. शाळेत असतं तर तिला पहिल्या बाकावर बसवलं असतं.

होता होता वाचन त्या पानावर आलं. शिवम्माला ठाऊक होतं, सरांनाही. तिनं आवाज बदलला नाही, पोथीतल्या युद्धाचा अध्याय वाचावा तशी वाचत राहिली. रात्रीतून बर्फ सरकला. जहाजाची कड आत दबली. खलाशी उड्या टाकून बर्फावर उतरले आणि आपलं घर मोडताना बघत उभे राहिले.

सर उठले. "आज इथंच थांबू. मी जरा चहा..."

"मास्तर!" तानूबाईचा आवाज खोलीभर घुमला. "मानसं बर्फात उगडी उबी हायत, आन तुमी च्या प्यायला निघालासा?"

"सर, बसा की," बाहेरून पिराजी. "हाफटाइम न्हाय झाला अजून."

सर बसले. शिवम्मा वाचत गेली. खलाशांनी छोट्या होड्या ओढल्या, बर्फ फुटल्यावर त्या पाण्यात टाकल्या. पुढं एक वाक्य होतं की त्यांतल्या बऱ्याच जणांना पोहता येत नव्हतं. ती थांबली. अर्थाची वेळ झाली होती.

 सर चष्मा काढून शर्टाच्या टोकानं पुसत राहिले. शेवटी म्हणाले, "त्या काळी असंच असे. जन्मभर समुद्रावर, आणि पोहायला येत नाही." मग हळू आवाजात, "मलाही येत नाही."

 शिवाजी पेठेतलं पोर पंचगंगेच्या घाटावर डबा बांधून पाण्यात ढकललं जातं ते शाळेत जायच्या आधी. इथं पोहता न येणारा पुरुष म्हणजे नवल. सर कागलकडच्या कोरडवाहू गावातनं आलेले. इतकी वर्षं पेठेत राहून त्यांनी हे कुणाला कळू दिलं नव्हतं. घाटावर कुणी बोलावलं की शाळेचे पेपर तपासायचे असत. शिवम्मालाही हे आजच कळत होतं.  म्हणजे गुडघा, कुलूप, व्हिसा, सगळं यातनं आलेलं.

पिराजीनं पहिल्यांदाच उंबऱ्याच्या आत डोकं घातलं. "सर, एक सांगा. त्या पाण्यात पडल्यावर मानूस किती वेळ टिकतंय?"

"फार नाही. गारठ्यानंच..."

"मग पवनारा आन न पवनारा, दोगं बी सारखंच की! मी आयुष्यभर घाटावर सूर मारल्यात. मला बी तितं काय उपेग? उगंच लाज धरून बसलाय."

एक क्षण कुणाला कळेना की हसावं का घाबरावं. मग सरच हसले. आधी नाकातल्या नाकात, मग खांदे हलायला लागले, डोळ्यांत पाणी आलं. "बरोबर आहे पिराजी. तर्कशुद्ध आहे."

"तर्क काय आसंल ते आसंल. आक्का, तुमी वाचा फुडं. मेली का जगली ती?"

शिवम्मानं पान उलटलं.

त्यानंतर सरच वाचनाच्या आधी येऊन बसायला लागले. पुस्तक संपायला आणखी काही दिवस लागले. माणसांनी तेवढ्यात सील खाल्ले, पेंग्विन खाल्ले, शेवटी बुटाचं कातडं उकळायची वेळ येते की काय असं झालं. सगळे जिवंत परतल्याचं पान वाचून झालं तेव्हा बायकांनी हात जोडले, पोथीला जोडतात तसेच. तानूबाईनं दोनदा खात्री करून घेतली.

"एक बी दगावला न्हाय?"

"एकही नाही," सर म्हणाले. त्यांचा चेहरा परीक्षेचा निकाल लागलेल्या पोरासारखा झाला होता.

पण गल्लीच्या डोक्यात राहिलं ते वेगळंच. समाप्तीच्या दिवशी शिवम्मानं पुरण घातलं होतं. बायका आल्या त्या हातात डबे घेऊन. एक, दोन, पाच डबे. उघडले तर प्रत्येकात कडक भाकरी. ज्वारीच्या, पापडासारख्या पातळ, वर तीळ लावलेल्या, महिना-दोन महिने टिकणाऱ्या. सोबत शेंगदाण्याची चटणी, जवसाची चटणी.

"हे काय?" शिवम्मा बघतच राहिली.

"तुमच्यात अंडं सुदीक घरात येत न्हाय," तानूबाई म्हणाली. तिनं स्वतः एक डबा आणला होता, सगळ्यांत मोठा. "आन तितं निस्तं पेंग्विन. उपाशी मरायचं व्हय? ह्या पोरींस्नी मी सांगितलं, बसा थापत."

"अहो तानूबाई, ते शंभर वर्षांपूर्वीचं," सर समजावायला लागले. "आता जहाजावर मोठं स्वयंपाकघर असतं. वीरेश म्हणाला, डोसासुद्धा..."

"आसंल. पर जहाज दबलं तर?"

 सरांनी एक भाकरी उचलली, उजेडात धरली, उलटसुलट केली. मग कपाळाला आठी घालून म्हणाले, "या तिळाच्या आहेत."

"मग? तिळाच्याच चांगल्या लागत्यात."

"नाही, नाही. हे चालणार नाही." सर एकदम उठून उभे राहिले. "त्या संशोधक बाईंच्या पुस्तकात दिलंय. तिथल्या जमिनीवर बाहेरचं एक बी पडू द्यायचं नाही. उतरायच्या आधी बूट धुवायला लावतात, खिसे झाडून घेतात. आणि हे तीळ बघा, हात लावला की गळतायत. माझ्या स्वेटरच्या खिशात एक जरी राहिला तरी..." ते शिवम्माकडं वळले. "आपले गरम कपडे या डब्यांजवळ ठेवायचे नाहीत. आणि नवीन करायच्या असतील तर बिनतिळाच्या करा. नाहीतर मी किनाऱ्यावर उतरणारच नाही, जहाजावरच बसून राहीन."

 पदराचं टोक तोंडाशी धरून शिवम्मा पुरणाच्या पातेल्याकडं बघत राहिली.

तानूबाईनं टाळी वाजवली. "म्हंजे निगालासा म्हना की!"

"कोण म्हणालं निघालो नव्हतो?" सर म्हणाले, आणि मग सगळ्या बायकांकडं बघून त्यांना स्वतःलाच ऐकू गेलं आपण काय बोललो ते. पायरीवरून पिराजीची शीळ आली, गोल झाल्यावर मारतात तशी.

जेवणं झाली. बायका गेल्या. सर खुर्चीत बसून पुस्तकाचं मागचं पान चाळत होते.

"हे सगळे वाचतात, तुला कधी कळलं?"

"पुस्तक घरात आलं त्याच आठवड्यात."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"तुमीच म्हणालासा की, शेवट आधी वाचायचा न्हाई. बाकावर उभं केलं असतंसा मला."

 सरांनी टेबलावर पडलेलं गॅसचं बिल उचललं, त्याची नीट घडी केली आणि पक्ष्यांच्या जाड पुस्तकात पहिल्या पानावर घातलं.

वीरेशचा फोन आला तेव्हा ती भाकरीच्या डब्यांवरचे तीळ ओल्या फडक्यानं टिपत होती. फोन सरांनी घेतला.

"अप्पा, उद्या नावं द्यायची आहेत. खरं सांगा. तुमचा गुडघा, घराचं कुलूप... येणार आहात ना?"

"तुझ्या अव्वाला विचार," सर म्हणाले. "शेवट तिला आधी ठाऊक असतो."

शिवम्मानं फोन कानाला लावला. "दोन नावं लिही. आणि हे बघ, तुझ्या गादीला चादर कुठल्या मापाची लागते ते सांग. मी इथनं घेऊन येतो."